कॉफीच्या कारखान्यात कॉफीचा वास येत नाही

चिकमगळूरला आपली माणसं जातात ती मुळ्ळय्यनगिरीवर धुक्यात फोटो काढायला, आणि मग कुठलातरी होमस्टेवाला प्लांटेशन वॉक म्हणून तासभर झाडांतून फिरवतो, झालं कॉफी बघून. आमचंही मागे एकदा तसंच झालेलं. ऐन मे महिना, झाडांवर हिरव्या टिचभर गोळ्या, पल्परच्या, म्हणजे फळं फोडायच्या यंत्राच्या, शेडला कुलूप, खळं मोकळं, आणि शेवटी गाईडने नेऊन सोडलं ते होममेड चॉकलेटच्या दुकानात. तेव्हाच ठरवलेलं की परत यायचं तर सीझनमध्येच यायचं आणि झाडं नाही, कारखाना बघायचा.

म्हणून यावेळी जानेवारीच्या सुरुवातीला गेलो. मी, नवरा, बेळगावचा मामेभाऊ आणि मामी. मामेभावाला मुद्दाम घेतला कारण त्याला कन्नड येतं, आणि मामी आली कारण मुलगा गाडी घेऊन इतक्या लांब चाललाय म्हटल्यावर ती येणारच होती. हुबळी, शिवमोग्गा, तरीकेरे करत उतरलो. बाबाबुडनगिरीच्या उतारावरची एक इस्टेट होती, तिचा स्वतःचा पल्पर आणि खळं होतं, पैसे भरून टूर देतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच माल जिथे जातो त्या गावातल्या क्युरिंग वर्क्समध्येही नेतात. हे दोन भाग वेगळे असतात हे मला जाईपर्यंत माहीत नव्हतं. डोंगरावर फळाचं बी काढून वाळवतात, तिथपर्यंतच इस्टेट. त्या बीची खरी कॉफी करायची, म्हणजे सोलून, चाळून, निवडून पोत्यात भरायची, ते काम खाली क्युरिंगवाल्याचं. बऱ्याच टूरमध्ये हा दुसरा भाग दाखवतच नाहीत, आणि मला विचाराल तर तोच जास्त बघण्यासारखा आहे.

टूर द्यायला आले ते इस्टेटचे रायटर. इकडे हिशेब ठेवणाऱ्या, मजुरी लिहिणाऱ्या माणसाला रायटर म्हणतात आणि मजुरांवर जो असतो तो मेस्त्री. साठीच्या आसपासचे, स्वेटर, कानटोपी, पायात गमबूट, हिंदी तोडकंमोडकं. मामेभावाने "अण्णा, नमस्कारा" करून कन्नड सुरू केलं तशी त्यांची कळी खुलली. मग ते बोलायचे, हा आम्हाला सांगायचा, आणि मधेच मामी परस्पर बेळगावी कन्नडमध्ये आडवे प्रश्न विचारायची.

बागेत फार वेळ घालवला नाही. इथली कॉफी उन्हात नाही, सावलीत वाढते, वर सिल्व्हर ओक, फणस, पांगारा, आणि त्या झाडांवर चढवलेला मिऱ्याचा वेल, म्हणजे एकाच जमिनीत दोन पिकं. कॉफीचे मुख्य प्रकार दोन, हजार मीटरच्या वर अरेबिका, त्याखाली रोबस्टा, असा साधारण हिशेब. जुनी झाडं एस ७९५ जातीची, नवीन लावलेली चंद्रगिरी, ती बुटकी असतात, तोडायला सोपी. सतराव्या शतकात बाबाबुडन नावाच्या फकिराने येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि याच डोंगरात लावल्या ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो, यांनीपण सांगितली, पण त्यांना खरा रस होता तो २०१९ मध्ये बाबाबुडनगिरी अरेबिकाला मिळालेल्या जीआय टॅगमध्ये, म्हणजे हा माल याच भागातला असं सांगणाऱ्या सरकारी शिक्क्यामध्ये. शेजारच्या चिकमगळूर अरेबिकाला वेगळा टॅग आहे आणि आमचा वेगळा, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

नवरा अमरावतीचा, तो गप्प बसतोय होय. "आमच्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते," म्हणाला. रायटरनी पहिला प्रश्न विचारला, उंची किती? अकराशे मीटर म्हटल्यावर मान डोलावली, बरं आहे म्हणाले, आणि विषय संपवला.

तोडणी चालू होती. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल फळं शेजारी शेजारी असतात आणि तोडायची फक्त लाल, त्यामुळे एकाच झाडाकडे सीझनमध्ये तीनचार वेळा यावं लागतं. पहिली फ्लाय पिकिंग, मग मेन पिकिंग, मग शेवटी सगळं ओरबाडून घेणं ते स्ट्रिपिंग, आणि त्यानंतरही जमिनीवर पडलेली फळं वेचतात, कारण ती तशीच राहिली तर त्यात बेरी बोरर किडा वाढतो आणि पुढच्या वर्षी बागेत घुसतो. तोडणाऱ्या बायकापुरुषांत बरेच आसामचे होते. स्थानिक माणूस आता मिळत नाही, सगळी बेंगळुरूला, असं रायटर म्हणाले. एक फळ खाऊन बघितलं, साल जाडसर, आत गर जवळजवळ नाहीच, नुसता गोड बुळबुळीत थर आणि दोन बिया. गोड होतं पण. कॉफीशी काही संबंध नाही चवीचा.

चार वाजता सगळी आपापली पोती घेऊन पल्परपाशी येतात, तिथे काट्यावर वजन, रायटरच्या वहीत नोंद, आणि इथून पुढे घाई सुरू होते. कारण आजची फळं आजच फोडायची. रात्रभर पोत्यात राहिली की गरम होतात, आंबतात आणि तो वास बीमध्ये उतरतो, मग पुढे काहीही केलं तरी कपात तो येतोच. त्यामुळे तोडणी उजेडातलं आणि पल्पर अंधारातलं काम. आम्ही थांबलो म्हणून हे बघायला मिळालं, दुपारची टूर घेऊन जाणाऱ्यांना बंद मशीन बघावं लागतं.

आता वासाबद्दल. मामी शेडमध्ये शिरल्या शिरल्या म्हणाली, "हा कुठला वास गे?" मलाही कळेना. मी मनात धरून आलेले की कॉफीचा कारखाना म्हणजे शंभर मीटरवरून घमघमाट येणार, आणि इथे येत होता तो गुऱ्हाळाच्या मागच्या बाजूला येतो तसला आंबूस गोड वास. कॉफीचा नाव नाही. रायटर हसले, म्हणाले इथे कामाला लागून माझी तीस वर्षं झाली, माझ्या कपड्यांना कधी कॉफीचा वास आला नाही.

फळं आधी पाण्याच्या टाकीत पडतात. चांगलं भरलेलं फळ बुडतं, पोकळ, किडकं, वाळकं तरंगतं, आणि तरंगलेलं सगळं बाजूला काढून वेगळं वाळवायला जातं. बुडलेली फळं पाण्याबरोबर वाहत पल्परमध्ये. पल्पर म्हणजे खरबरीत पत्र्याचा ड्रम आणि त्याच्यासमोर पट्टी, मधल्या फटीत फळ दाबलं जातं, साल एका बाजूला उडते आणि बिया दुसऱ्या बाजूला. सगळं कसब त्या फटीत आहे. फट मोठी राहिली तर फळं अख्खीच बाहेर, बारीक झाली तर बी चिरते, आणि दर काही दिवसांनी फळाचा आकार बदलतो तशी फट परत बसवावी लागते. मेस्त्री मूठभर बिया घेऊन दिव्याखाली बघायचा, पाना फिरवायचा, परत बघायचा.

बाहेर पडलेली बी बुळबुळीत असते, तिच्यावर चिकट थर असतो आणि तो पाण्याने नुसता धुवून जात नाही. म्हणून टाकीत एक दिवस, थंडी जास्त असली तर दीड दिवस आंबवत ठेवतात. काही ठिकाणी हे आता मशीनने घासून काढतात, पाणी पण कमी लागतं, पण इथे अजून टाक्याच. आधीच्या दिवशीची टाकी तयार होती. झाली की नाही हे कसं कळतं असं मामीने विचारलं, तर रायटर म्हणाले हात घाला अम्मा. मामीने बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात घातला. मूठ आवळून बिया एकमेकींवर चोळायच्या, हातातून निसटल्या तर अजून वेळ आहे, आणि करकर वाजल्या, बारीक खडे चोळल्यागत लागल्या तर झालं. मामीने चोळलं, परत चोळलं, दुसऱ्या कोपऱ्यातनं घेऊन चोळलं, आणि म्हणाली, "हितं झालंय, त्या तिकडच्या बाजूला न्हाई झालं." रायटरनी स्वतः तिकडे हात घालून बघितला, आणि मेस्त्रीला काहीतरी बोलले, तो फळ्याने टाकी ढवळायला लागला. त्यानंतर पूर्ण टूरभर ते आमच्याशी कमी आणि मामीशी जास्त बोलत होते.

मग धुणं, परत पाण्यात भिजत ठेवणं, आणि परत धुणं. पाणी खूप लागतं. आणि ते वापरलेलं पाणी ओढ्यात सोडता येत नाही, आंबट असतं, मासे मरतात, म्हणून खाली खड्डे केलेत, तिथे चुना टाकून साठवतात. हा भाग टूरमध्ये नसतो, नवऱ्याने विचारलं म्हणून दाखवला, आणि वास खरंच सहन होत नव्हता. साली वेगळ्या खड्ड्यात, त्याचं खत होऊन परत बागेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळं बघितलं. सिमेंटचं मोठं पटांगण, त्यावर पसरलेल्या पिवळसर पांढऱ्या बिया. या अवस्थेत तिला पार्चमेंट म्हणतात, कारण बीवर अजून एक कागदी टरफल असतं. बायामाणसं लाकडी दाताळं घेऊन दर तासाला सरी मोडून परत पाडत होती, खालचं वर वरचं खाली. यात खूप उन्हातही चालत नाही. फार पटकन वाळलं तर टरफल तडकतं, म्हणून कडक ऊन झालं की थर जाड करायचा, आणि संध्याकाळी सगळं गोळा करून ताडपत्री घालायची, नाहीतर दव पडून परत ओलं. आठदहा दिवस असं, ओल दहा टक्क्यांवर येईपर्यंत. आता त्याचं मीटर आहे. जी फळं न सोलता अख्खी वाळवतात, म्हणजे ती तरंगलेली आणि बरीचशी रोबस्टा, तिला चेरी म्हणतात, ती काळी पडते आणि मूठभर हलवली की खुळखुळ वाजली पाहिजे, तिला दोन आठवडे तरी लागतात.

पाऊस आला तर? हा प्रश्न मी सहज विचारला आणि त्यावर रायटर बराच वेळ बोलले. २०२१च्या जानेवारीत आला होता. झाडावरची पिकलेली फळं फुगून फुटली, गळाली, खळ्यावरच्या मालाला बुरशी, आणि वर त्या अवेळी पावसाने झाडांना फुलं यायला लागली, म्हणजे पुढच्या पिकाचाही पत्ता कट. खरं तर पावसावरच सगळं असतं, फेब्रुवारी मार्चमध्ये एक चांगली सर हवी, तिला ब्लॉसम शॉवर म्हणतात, त्यानंतर आठदहा दिवसांत सगळा डोंगर पांढरा होतो. हवी तेव्हा आली तर सोनं, महिनाभर आधी आली तर वाट लागली. भाव गेल्या काही वर्षांत चढलेत, पण भाव चढला त्याच वर्षी माल हातात असला पाहिजे ना, असं ते म्हणाले.

मग गाडीने खाली गावात, क्युरिंग वर्क्स. इथे आवाज एवढा की कानाशी ओरडून बोलावं लागतं, सगळीकडे टरफलाची धूळ, मास्क दिले होते तरी संध्याकाळपर्यंत नाकातून भुसा निघत होता. इस्टेटवरून आलेलं पार्चमेंट आधी काडीकचरा, खडे काढून हलरमध्ये जातं, तिथे कागदी टरफल निघतं, मग पॉलिश, आणि बाहेर येते ती निळसर हिरवी बी. ही झाली कॉफी. वास? गोणपाटाचा आणि वाळल्या गवताचा. मामीने एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकला.

आणि आता चाळण्या. एकाखाली एक, छिद्रांच्या नंबराने. अठरा नंबर म्हणजे इंचाच्या चौसष्ट भागांपैकी अठरा, साधारण ७ मिलीमीटर, त्यावर जी राहील ती डबल ए. त्याखाली सतरावर राहील ती ए, मग बी, मग सी. पॅकेटवर आपण प्लांटेशन ए वाचतो आणि काहीतरी फार भारी वाटतं, तर तो निव्वळ आकार आहे, म्हणजे धुतलेली अरेबिका आणि या चाळणीवर थांबलेली. चवीबद्दल त्यात एक शब्द नाही. पीबी म्हणजे पीबेरी, काही फळांत दोनाऐवजी एकच बी वाढते, ती गोल होते, ती वेगळी चाळून काढतात आणि महाग विकतात. माझं मत विचाराल तर पीबीचे जादा पैसे देण्यात फार अर्थ नाही, पण दिसायला गोंडस असते खरी.

चाळून झालं तरी संपत नाही. सारख्याच आकाराच्या बियांत हलकी बी असते, ती पोकळ किंवा किडकी, तिला काढायला एक तिरकं थरथरणारं टेबल असतं, खालून हवा, जड बी वर चढत जाते आणि हलकी खाली घसरते. बघत बसावं असं मशीन आहे ते, आम्ही बघतच बसलो. मग कलर सॉर्टर, कॅमेरा प्रत्येक दाण्याचा रंग बघतो आणि काळा दिसला की हवेचा फुत्कार मारून उडवतो. एवढं करूनही शेवटी लांब टेबलाशी बायका बसलेल्या. मशीनने सोडलेलं त्या काढतात, याला इकडे गार्बलिंग म्हणतात. एका बाईच्या हाताकडे बघत होते, दोन्ही हात वेगवेगळे चालू, डाव्याने दाणे पुढ्यात ओढायचे, उजव्याच्या दोन बोटांनी काळा, तपकिरी, तुटका उचलून मांडीवरच्या डब्यात, आणि नजर शेजारणीकडे, गप्पा चालू. त्या डब्यातला माल म्हणजे बीबीबी, ब्लॅक, ब्राऊन, बिट्स. तो फेकत नाहीत, त्यालाही गिऱ्हाईक आहे, स्वस्तातल्या पावडरीत जातो. परदेशी जाणारा माल साठ किलोच्या गोणीत. आपल्याकडे पिकलेल्या कॉफीतली निम्म्याहून जास्त बाहेर जाते, इटली सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

तिथले जुने क्लार्क भेटले, ते म्हणाले पूर्वी बागवाल्याला स्वतःची कॉफी विकताच यायची नाही. सगळा माल सरकारी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र साठ्यात, जमा करायचा, बोर्ड लिलाव करणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने, वर्ष वर्ष लागायचं. १९९६ पर्यंत हळूहळू ते पूर्ण सुटलं. तेव्हा क्युरिंगवाल्यांची चैन होती, आता बागवाला चार ठिकाणी भाव विचारून येतो, असं म्हणाले, आणि त्यात तक्रार किती आणि कौतुक किती ते मला ओळखता आलं नाही.

हिशेब मामीने मांडून घेतला. सहा किलो लाल फळं तोडली की त्याचं वाळून सव्वा किलोच्या आसपास पार्चमेंट, ते सोललं की किलोभर हिरवी बी, आणि भाजली की आठशे साडेआठशे ग्रॅम. बाकी सगळं साल, पाणी, चिकट, टरफल, भुसा. "म्हणजे काढून टाकायचंच काम हाय की हे," मामी म्हणाली.

शेवटी वरच्या मजल्यावर टेस्टिंगची खोली. लहानसा सॅम्पल रोस्टर, मूठमूठ बी भाजतात. आधी गवत, मग भाजक्या पावाचा वास, मग दोनशे डिग्रीच्या आसपास दाणे तडतडायला लागतात, तो फर्स्ट क्रॅक, आणि तेव्हा, दोन दिवसांत पहिल्यांदा, कॉफीचा वास आला. नवऱ्याने "हां!" असं मोठ्याने म्हटलं, सगळे हसले.

कपिंग म्हणजे भरड पूड, वर गरम पाणी, चार मिनिटं थांबून वरची साय चमच्याने मोडायची आणि मग चमच्याने सुर्रकन ओढायची, जितका आवाज मोठा तितकं चांगलं. न दूध न साखर. तीन वाट्या होत्या. एक डबल ए, एक सी, एक बीबीबी. डबल ए आणि सी मधला फरक मला सांगता आला नाही, खोटं कशाला बोलू, दोन्ही छान आंबटगोड होत्या. बीबीबी मात्र पहिल्या घोटाला कळते, जळका, मातकट, घशात अडकते. आणि गंमत म्हणजे मामी म्हणाली हीच आपल्या घरच्या कॉफीसारखी लागते. तपासनीस मुलगी एकदम गंभीरपणे म्हणाली, अम्मा, त्यात दूध साखर घातली की सगळ्यांनाच तसं वाटतं.

खरेदी तिथेच खालच्या काउंटरवर केली. मी प्लांटेशन ए घेतली, मामीने चिकोरी, म्हणजे एका झाडाची भाजलेली मुळी, घातलेली ऐंशी वीस, ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी. तुम्ही घेणार असाल तर पॅकेटवर चिकोरीचे टक्के छापलेले असतात ते वाचा, एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत कायद्याने चालते, आणि टूरिस्ट रस्त्यावरच्या दुकानात सुट्टी पावडर देतात त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. भाजल्याची तारीख विचारा, एक्स्पायरीची नाही. आणि शक्य असेल तर दाणे घ्या, पावडर आठवड्यात उतरते.

बाकी जाणाऱ्यांसाठी. अरेबिकाचा पल्पर चालू बघायचा तर डिसेंबर ते जानेवारी, पण वर्षागणिक पुढेमागे होतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात फोन करून पल्पर चालू आहे का एवढंच विचारा, टूर आहे का असं विचारू नका, टूर बाराही महिने असते. संध्याकाळी चारनंतरची वेळ मागा. क्युरिंग वर्क्स दाखवणार का ते आधी स्पष्ट विचारा, रविवारी ती बंद असतात. दम्याचा त्रास असेल तर तिथे जाऊ नका, धूळ खरंच वाईट आहे. वेळ कमी असेल तर गावात कॉफी बोर्डाचं कॉफी यात्रा म्युझियम आहे, मॉडेलं आणि फोटो आहेत, समजतं, पण टाकीत हात घालायला मिळत नाही. आणि ज्यांना मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी दमट हवेत ठेवून फुगवलेली कॉफी, कशी करतात ते बघायचंय त्यांनी इकडे येऊच नये, ती पावसाळ्यात खाली मंगळूरच्या किनाऱ्यावरच्या गोदामांत होते, आम्ही जूनच्या शेवटाला तिकडे जायचं म्हणतोय, मामीने बॅग तयार ठेवलीय.